कुत्र्यांचे ग्रेडर काळबांडे

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळत आलो म्हणजे सांगितलीच नाही असं नाही. अर्धी सांगितली, आणि अशी रंगवून सांगितली की दारव्ह्यात कुणाचंही लग्न असो, पंगतीत लोक मला तीच सांगायला लावत. आमचे व्याही वामनराव काळबांडे माझं कुत्रं बरं करायला घेऊन गेले आणि पोत्यात घालून परत आले, ही ती अर्धी गोष्ट. ऐकणाऱ्यांना हसू आवरत नसे, वाढप्याच्या हातातलं वरण सांडे. उरलेली अर्धी माझ्याजवळ राहिली. गेल्या मार्गशीर्षात काळबांडे घाटंजीला वारले. आता ती सांगायला कुणाची हरकत नाही. तशी आधीही कुणाची नव्हती. माझीच होती.

पण आधी काळबांडे सांगतो.

काळबांडे कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा त्या घरच्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहत. मग हात धूत. मग पाणी घेत. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली बाई तोवर दारात तशीच उभी. हिरडीवर अंगठा दाबायचा, पांढरा ठसा उमटला की अंगठा काढायचा, आणि तो ठसा पुन्हा गुलाबी कधी होतो हे डोळे बारीक करून पाहत बसायचं. चटकन गुलाबी झाला तर "नंबर एक!" आणि रेंगाळला तर ते यजमानाकडे असं पाहत, जणू त्यानंच रोज पहाटे उठून कुत्र्याचं रक्त प्यालं आहे.

आयुष्यभर ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. आमच्या भागात ग्रेडर म्हणजे काय चीज असते, ते बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे. ग्रेडर यायचा, गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा कापूस मूठभर ओढायचा, त्याचा धागा चिमटीत ताणायचा, एक सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची आणि एक शब्द बोलून पुढच्या गाडीकडे जायचं. त्या एका शब्दावर मागची माणसं हसत तरी घरी जात, नाहीतर गाडी उलटी वळवत. अशा माणसाला एक दिवस हार घालून, शाल पांघरून घरी पाठवलं. गाड्या गेल्या, हात मात्र राहिला. तो कुठं तरी घालणं भाग होतं. काळबांड्यांनी तो कुत्र्यांत घातला.

पद्धत तीच, माल वेगळा. मानेमागची कातडी चिमटीत धरून वर ओढायची आणि सोडायची. झटकन बसली तर बरं, तंबूसारखी उभी राहिली तर, "अंगातलं पाणी गेलं याच्या. हगवण लागली काय? काहून सांगितलं नाही?" कानाशी नाक न्यायचं. आंबट वास आला की, "कवडी माल!" कवडी म्हणजे किडका कापूस. कुत्रं सारखं पाणी पीत असलं की लोकांना कौतुक वाटे, काळबांड्यांच्या कपाळाला आठी पडे. कुत्रं खोकलं की ते यजमानाला उलटतपासणीला घेत: बसल्या बसल्या खोकते, का पळाल्यावर? खोकून झाल्यावर काही ओकते, का नुसतंच गिळते? कापूस आणि कुत्रं यांत त्यांनी एकच फरक ठेवला होता. कुत्र्याला ते दाताखाली फोडून पाहत नसत. चावण्याचा हक्क त्यांनी कुत्र्याकडेच ठेवला होता, आणि काही कुत्री तो बजावत.

"वरचा माल पाहू नका जी," हे त्यांचं पालुपद. "शेपटी हालवते, भाकर खाते, तो सारा वरचा माल. कुत्रं आपलं दुखणं लपवते. कोपऱ्यात जाऊन बसलं, हाक मारल्यावर उशिरा उठलं, का समजाव. आत हात घाला!"

औषध मात्र ते कधी देत नसत. "मी ग्रेडर हाये, डॉक्टर नाई. माल कोणता ते सांगतो. पुढचं दवाखान्यात." आणि एखादं कुत्रं लाळ गाळत, घास गिळता न येता अंधाऱ्या कोपऱ्यात घुसलेलं दिसलं, तर हा सदा हात पुढे करणारा माणूस हात मागे बांधून उभा राही, पोराबाळांना गल्लीतून हाकलून लावी आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलत नसे.

या विद्येला वेळकाळ ठाऊक नव्हता. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाचे वडील उभे राहून दोन शब्द बोलत होते. तेवढ्यात मांडवातल्या सतरंजीवर एक कुत्रं बूड घासत पुढे सरकलं. "जंत!" काळबांडे पंगतीतून ओरडले. "जंत झाले याले!" भाषण तिथंच संपलं. मुलाचे वडील पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. दुसऱ्या एका घरी म्हातारे गृहस्थ गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. काळबांड्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "जेवत होते काय?"

"हो ना," मुलगा डोळे पुसत म्हणाला. "अखेरपर्यंत दूध घेत होते बाबा."

"नाई, मी कुत्र्याचं विचारून राह्यलो. खाटेखाली बसलं हाये, कालपासून जेवलं काय ते?"

कुणी जेवलं नव्हतं, कुत्रंही नाही. पण ही काही विचारायची पद्धत झाली?

त्यांना एकच लेक, रंजना. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. रंजना लग्नाची झाली आणि काळबांड्यांचा हात स्थळांकडे वळला. आमच्याकडे मुलीकडची माणसं घर पाहायला येतात. शेत पाहतात, विहीर पाहतात, मुलाच्या सवयींची शेजारी चौकशी करतात. काळबांडे यातलं काहीच पाहत नसत. मारेगावचं एक स्थळ होतं. ओलिताची जमीन, दारात जीप, मुलगा एकुलता. दारातल्या कुत्र्याच्या मानेवर साखळीनं कातडी सोलून निघालेली पाहिली आणि काळबांडे उभ्या उभ्याच म्हणाले, "चहा नको." दुसऱ्या घरी यजमान नुसते मोठ्यानं हसले, तर त्यांच्या कुत्र्यानं जागच्या जागी मुतून घेतलं. काळबांडे आल्या पावली बाहेर. तिसऱ्या घरी कुत्र्याचे कान गोचिडांनी भरले होते. "घरात एवढी माणसं," ते बाहेर येऊन म्हणाले, "अन् एकालेबी त्या येचाले फुरसत नाई?"

मध्यस्थी करणारे नामदेवभाऊ टेकीला आले होते. पोळ्याच्या सुमाराला ते माझ्या दुकानावर आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तुमच्या सुनीलचं स्थळ मी घाटंजीच्या ग्रेडरले सांगितलं. पोराचा फोटो नसला तरी चालन. कुत्रं तयार ठेवा."

आता माझं सांगतो. माझं दुकान ढेपीचं. सरकीचं तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो ती ढेप. म्हशीनं खाल्ली की दुधाला दाटपणा येतो. आणि माझ्याकडे एक कुत्रं होतं. दुकानाच्या पायरीवर दिवसभर पडून राहायचं, आल्यागेल्याकडे एक डोळा उघडून पाहायचं आणि काम काहीच करायचं नाही, म्हणून मी त्याचं नाव सभापती ठेवलं होतं. स्वभावानं गरीब, अंगानं हडकुळं. मुलगा चांगला होता, घर पक्कं होतं, माझा शब्द बाजारात चालत होता. आणि सोयरीक अडणार कुठं, तर सभापतीच्या बरगड्यांवर!

मी विचार केला. विचार करण्याची मला भारी हौस. गावातल्या म्हशी माझ्या ढेपीवर चकचकीत झाल्या, तर कुत्र्यानं काय घोडं मारलं? दुसऱ्या दिवसापासून भिजवलेली ढेप, त्यात भाकरीचा चुरा, वर ताक, असा खुराक सुरू झाला. सभापती आधी वास घेऊन मागे सरला. मग मी बोटभर गूळ घातला, तेव्हा खाल्लं.

"अजी, कुत्र्याले ढेप चारते काय कोणी?" आमची बायको म्हणाली.

"तुले काय समजते? ढेपीचा धंदा मी करतो का तू?"

"धंदा म्हशीचा हाये न तुमचा."

बायकोचं बोलणं मी त्या काळात ऐकत नसे. आता ऐकतो, पण आता ती फारसं बोलत नाही.

पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. सभापतीचं अंग काही चमकलं नाही, पण पोट मात्र भरलं. चांगलं गरगरीत झालं. दुकानावर बसणारे म्हणू लागले, "सभापती झाल्यावर पोट सुटनच ना भाऊ!" मीही हसायचो. पायरी चढताना त्याला धाप लागायला लागली. मला वाटलं, वजन वाढलं. झोपताना आडवा न होता पुढचे पाय फाकवून बसूनच डुलक्या घ्यायला लागला. मला वाटलं, पदाचा रुबाब. जेवायला उशीर करू लागला. मला वाटलं, पोट भरलेलं आहे. एकही खूण त्या बिचाऱ्यानं लपवली नव्हती. प्रत्येकीचा मी विनोद केला. विनोदाचा मला नाद होता, आणि ऐकणारे होते.

तुळशीचं लग्न झाल्यावर काळबांडे घर पाहायला आले. बैठकीत माझे चारदोन मित्र, भाऊबंद, नामदेवभाऊ. सुनील इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीच्या टोकावर. काळबांडे त्याच्यासमोरून सरळ सभापतीकडे गेले आणि धोतर सावरत त्याच्यापुढे बसले. ओठ वर केला. अंगठा दाबला. मग त्यांनी मानेची कातडी पाहिली, बरगड्यांना कान लावला, आणि एक तळहात पोटाच्या एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूनं हळूच टिचकी मारली.

"पाणी हाये," ते म्हणाले. "हे मांस नाई, पाणी हाये पोटात. दम लागते याले?"

"थोडासा," मी म्हणालो. "खाऊन खाऊन."

"खाते काय?"

"दूध-भाकर. घरात आम्ही खातो तेच."

त्यांनी पोटावरून पुन्हा हात फिरवला. मग मान वर न करता म्हणाले, "ढेप त नाई न?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहते आहे हे मला न पाहताही समजलं. हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? बैठकीतल्या माणसांनी मला मूर्ख म्हटलं असतं. ढेपीच्या दुकानदाराचं कुत्रं ढेपीनं फुगलं, हे संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. आणि काळबांडे "चहा नको" म्हणून उठले असते, याची मला खात्री होती.

मी मोठ्यानं हसलो. "अजी इवाई," मी म्हणालो. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. "सोयरीक अजून जुळाची हाये, अन् तुम्ही आतापासूनच माह्या कुत्र्याले म्हैस करून राह्यले!"

बैठक फुटली हसण्यानं. नामदेवभाऊंना ठसका लागला. काळबांडेही ओशाळं हसले. "जिनिंगमंदी ढेपीच्या गोदामातली कुत्री अशीच फुगत," ते म्हणाले. "म्हून विचारलं. राग नका मानू."

"ढेपीचा कणबी नाई लागला त्याले."

"तुम्ही म्हणता त नाई," काळबांडे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आता माझ्या शहाणपणाची कमाल पुढं आहे. काळबांड्यांनी होकार दिला. सभापती आजारी होता हे त्यांनी ओळखलंच होतं. पण आमची बायको चहा घेऊन आली तेव्हा तो धापा टाकत उठला आणि तिच्या पावलावर हनुवटी ठेवून पुन्हा बसला, हेही त्यांनी पाहिलं होतं. "आजार कोणाच्याबी घरी येते," ते नामदेवभाऊंना म्हणाले. "याले या घराचं भेव नाई. माही हरकत नाई." म्हणजे मी खरं बोललो असतो तरी सोयरीक जुळलीच असती. माझं खोटं फुकट गेलं. इतकं निरुपयोगी खोटं मी बाजारातही कधी बोललो नव्हतो.

निघताना ते म्हणाले, "इवाई, हे कुत्रं मले द्या. यवतमाळले दाखवून आणतो." आणि सभापतीला मांडीवर घेऊन ते जीपमध्ये बसले. जीपवाला कुरकुरला, तेव्हा त्यांनी त्यालाही सभापतीच्या हिरड्या दाखवल्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं, औषधं दिली आणि विचारलं, याच्या खाण्यात काय येतं? काळबांड्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, दूध-भाकर. मालकानं स्वतः सांगितलं आहे. पाण्याचं कारण काही हाती लागेना. दोनेक दिवसांनी त्यांचा मला फोन आला.

"इवाई, हा दूध-भाकरीले तोंडच लावत नाई. तुमच्या घरी खाये म्हणता न? आणखी काही देत होते काय? काहीबी आठवा. डाक्टर विचारून राह्यले."

दुकानात गिऱ्हाईक होतं. ढेपीचं पोतं तराजूवर होतं. "काही नाई इवाई," मी म्हणालो. "तब्येत बरी नाई म्हून खात नसन."

"तेबी खरं हाये," काळबांडे म्हणाले.

आठवडा झाला नसेल, सभापती गेला. काळबांडे त्याला घेऊन आले. पोत्यात नव्हे. आता हे एकदा नीट सांगून टाकतो. निवृत्त होताना केंद्रावर त्यांना जी शाल मिळाली होती, तिच्यात गुंडाळून आणलं होतं. पोतं मी घातलं, गोष्टीत. शालीवर लोक हसत नाहीत.

शेतात खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर काळबांडे माझ्यापुढे येऊन हात जोडून उभे राहिले. "इवाई, माह्या हातून चुकलं. मले ढेपच वाटली होती. म्हून मी दुसरीकडं पाहिलंच नाई लवकर. दुसरं काही होतं अन् मले ओळखता नाई आलं. माफ करा."

मी त्यांना माफ केलं. मोठ्या मनानं. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ द्या इवाई, माणूसच हाये आपण."

पुढं एकदा जनावरांचे एक डॉक्टर दुकानावर ढेप घ्यायला आले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टरसाहेब, कुत्र्यानं ढेप खाल्ली त काय होते? माह्या एका ओळखीच्या माणसानं दोनतीन महिने चारली म्हणे."

ते म्हणाले की सरकीत असं काही असतं जे म्हशीच्या पोटाला बरंचसं पचतं आणि कुत्र्याच्या काळजाला सोसत नाही. धाप लागते, पोटात पाणी होतं. "दोनतीन महिने चारली? कोण गाढव तो?"

"आहे एक," मी म्हणालो. "दारव्ह्याचाच हाये."

लग्न झालं. रंजना आमच्या घरी आली. लग्नाच्या पंगतीतच ती अर्धी गोष्ट मी पहिल्यांदा रंगवली, खुद्द काळबांड्यांच्या समोर. ते खाली पाहत हसले. कुणी तरी मांडवातलं कुत्रं ओढून आणलं आणि ओरडलं, "ग्रेडरसाहेब, याची हिरडी पाहा न!" काळबांड्यांनी हात पाठीमागे घेतले. "रिटायर झालो जी मी," ते म्हणाले. लोकांना तेही विनोदीच वाटलं. त्या दिवसानंतर त्यांनी कुठल्याच कुत्र्याला हात लावला नाही. घाटंजीत कुणी आजारी कुत्रं घेऊन आलं तर "मले काय समजते त्यातलं" म्हणून आत जात. मीही पुन्हा कुत्रं पाळलं नाही. सभापतीच्या दुःखानं पाळत नाही, असं लोकांना वाटलं. मी वाटू दिलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची तब्येत उतरल्याचं कळलं. मी एकटाच घाटंजीला गेलो. वाटेत जीपमध्ये बसून काय बोलायचं ते ठरवत गेलो. फार नव्हतंच बोलायचं. ढेप होती, मी चारली, तुमचा हात चुकला नव्हता. एवढंच.

काळबांडे ओसरीवर खुर्चीत बसले होते. निम्मे राहिले होते. चहा झाला, पीकपाण्याचं बोलून झालं. समोरच्या भिंतीच्या सावलीत एक गावठी कुत्रं पडलं होतं, डोळे चिकटलेले, मधूनमधून खोकत होतं. काळबांड्यांनी खुर्ची हळूच दुसरीकडे वळवून घेतली.

"खोकून राह्यलं ते," मी म्हणालो. "पाहा न इवाई एकवार."

"मले काय समजते त्यातलं."

"असं कसं म्हणता? जिल्ह्यात तुमच्यासारखी कुत्र्याची पारख..."

"मले कुत्र्याचा शौक नव्हता जी," काळबांडे म्हणाले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "रंजूची माय गेली तवा पोरगी एवढीशी होती. तिले द्याचं कोणत्या घरी, हे मी एकट्यानं कसं वळखाव? पाहुण्यासमोर सारेच धुतल्या कपड्यानं बसते. अन् दिल्यावर? लेक फोनवर म्हणन, 'बरं हाये बाबा.' तिच्या मायले आवाजावरून समजलं असतं. मले नाई समजत. मले हात घालून पाहता येते, तेवढंच. माणसाच्या घरात हात कसा घालाव? म्हून मी कुत्र्याले पाहो. कुत्रं आपलं दुखणं लपवते, पण घरचं नाई लपवत. ज्या घरी आदळआपट हाये, त्या घरचं कुत्रं चपलेच्या आवाजानं दबते. मी म्हणो, दर सणाले जाईन, कुत्र्याले पाहीन, मले समजन माही लेक कशी हाये."

त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले होते.

"मंग सभापती गेला. अन् माह्या हातावरचा माहा भरवसाबी गेला. आता तुमच्या घरी आलो त पाहाव काय? टीव्ही?"

मी रिकामी कपबशी उगाच पुढे सरकवली.

"इवाई," काळबांडे म्हणाले, "तुमालेच विचारतो. खरं सांगा. बरी हाये न ते तुमच्या घरी?"

"मजेत हाये इवाई. घर तीच चालवते. आमची बायको तिच्याबिगर पान हालू देत नाई."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. काळबांड्यांनी ताबडतोब मान हलवली आणि मोकळा श्वास सोडला. माझ्या शब्दावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला. याआधीही त्यांनी असाच ठेवला होता.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. मी उठलो, ओसरीची पायरी उतरून चपला घातल्या आणि वळलो. काळबांडे काठीचा आधार घेऊन उभे राहिले होते, मला पोचवायला.

"इवाई," मी म्हणालो.

"काय जी?"

"ढेप..."

"ढेपीचं काय?"

जीपवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. काळबांडे कान पुढे करून थांबले होते.

"काही नाई. यंदा उठाव नाई म्हणत होतो ढेपीले."

"असं काय," ते म्हणाले. मग काठी उचलून त्यांनी जीपवाल्याला हाक मारली. "ए बापू! यायले पुढं बसव. डाव्या गुडघ्याचा त्रास हाये त्यायले, पायरी उतरतानी पाहिलं मी."

गुडघ्याचं मी अजून घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. जीपवाल्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं. मी पुढे बसलो.